पालथी पायरी
टाकीकाकांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. दगड घडवायची टाकी जेवतानासुद्धा त्यांच्या मांडीजवळ असायची, म्हणून टाकीकाका. स्वतःचं घर मात्र विटांचं. म्हणायचे, "घरी तरी दगड नको बघायला!"

रस्तारुंदीत आमचं दगडी घर गेलं. त्याचेच दगड घडवून मागच्या जागेत नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा काका आले. बाबांची नजर त्याआधीच गेली होती. जुन्या घरात ते कुणाचा हात न धरता वावरायचे. तिथलं दार इतकं ठेंगणं, की नवा पाहुणा कपाळ चोळतच आत यायचा. बाबांचं डोकं कधी आपटलं नाही. नव्या घराचं नाव काढलं की म्हणायचे, "तिथं मला गाठोड्यासारखं उचलून ठेवाल. त्यापेक्षा ही भाड्याची खोली बरी." हे ऐकलं की मी चिडायची.

काका प्रत्येक दगडावर हातोडी वाजवून कान द्यायचे. खणखणीत वाजला तर भिंतीला, बद्द वाजला तर पायाच्या भरावात. मग जुना चुना खरवडून कडा सरळ करायच्या. टाकीचे घाव सोसल्यावर दगडाला देवपण येतं म्हणतात. आमच्या दगडांना पायरीपण आलं तरी पुष्कळ होतं. मी सारखी म्हणायची, "काका, जरा हात चालवा." ते म्हणायचे, "ताई, तुमचं तोंड चालतंय तेवढं पुरे."

दाराची पायरी बसली त्या दिवशी मी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, इकडेतिकडे चाचपला आणि मागे घेतला.

"हे आपलं घर नाही. मला परत ने."

"बाबा, आपल्या जुन्या दारातलाच दगड आहे हो!" माझा आवाज चढला.

काका खाली मान घालून म्हणाले, "ताई, त्यांचं बरोबर आहे. झिजलेला दगड दिसला की माझा हात तो पालथा घालतो. खालची बाजू कोरी असते, सगळ्यांना तीच हवी असते. चुकलंच माझं. बाबा, जाऊ नका, बसा जरा."

पायरीखालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. मी काही म्हणायच्या आत काकांनी पहार घातली आणि अख्ख्या दिवसाचं काम उखडलं. दगड उलटवला. उजवीकडचा खळगा वर आला, पिढ्यांच्या पायांनी झिजलेला. त्याला त्यांनी टाकी लावली नाही, नुसता ओल्या फडक्याने पुसला. पायरी पुन्हा पक्की बसवली आणि म्हणाले, "या आता."

आभार मानायला मी तोंड उघडलं, पण ते पहिल्यांदाच चाललं नाही. त्या माणसाचं ऋण माझ्याच्याने जन्मभर फिटणार नाही.

बाबांचा उजवा पाय खळग्यात बसला. नवं दार चांगलं उंच आहे. तरी बाबांनी सवयीने मान खाली घातली, माझा हात सोडला आणि आत गेले.