पुराव्याची कॅसेट

राहात्यात आमच्या गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता. वडील साखर कारखान्याच्या कचेरीत होते, म्हणून तो लवकर मिळाला, आणि मिळाल्याबरोबर गल्लीचा झाला. लोकांनी आपापल्या पाहुण्यांना आमचा नंबर देऊन ठेवला होता. घंटी वाजली की आमच्यापैकी कुणीतरी उचलायचं, कोण हवंय ते विचारायचं आणि त्या घरी बोलवायला जायचं. समोरच्या काकूंचा मुलगा फौजेत होता. त्याचा फोन आला की त्या ओरडून बोलायच्या.

"काकू, हळू बोला, ऐकू जातं त्याला," माझी धाकटी बहीण म्हणायची.

"आगं, पंजाबात हाय तो. हळू बोलून तिथवर कसं पोचंल?"

दुपारी फोन उचलायला बहीणच असे. तिचं कॉलेज सकाळचं, बारावी सायन्सचं वर्ष. मी डी.एड. करून शिक्षिका झाले होते, संध्याकाळी परतायचे. तिला बारावीनंतर डी.फार्म. करून औषधांचं दुकान काढायचं होतं. आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं ती मोठ्यानं वाचायची, आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीनंतर दुपारचे फोन सुरू झाले. आधी पलीकडून कुणी बोलायचंच नाही. मग एक पुरुषी आवाज बोलू लागला. तिनं मला सांगितलं तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते.

"ताई, तो माझ्या ओढणीचा रंग सांगतो."

आणखी काय सांगतो ते तिनं सांगितलं नाही. त्या दिवसांत ती रिसीव्हर ओल्या फडक्यानं पुसत असे, हे मात्र मी पाहत होते.

फोन काढून टाकू, असं मी वडिलांना म्हटलं. "गल्लीला कारण काय सांगू?" एवढंच ते बोलले. तिनं फोन उचलायचं थांबवलं, तर दुसऱ्या कुणी उचलल्यावर तो तिलाच बोलवायला सांगायचा. एकदा काकूंनी उचलला. "नाव सांगंना गं. तुलाच मागतोय. कोन हाय?" त्यांचा स्वर साधा होता, पण त्या उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. नंबर शोधायला पोलिसांचं पत्र लागेल, असं तिथले लोक म्हणाले. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "बाई, त्यानं हात लावला का? रस्त्यात अडवलं का? मग फोनवर बोलला म्हनून कोनावर लिहू? पुरावा आना काहीतरी."

मी पुस्तकं वाचणारी बाई. वाचनालयातून दंडसंहितेचं पुस्तक आणलं. स्त्रीचा अपमान करणाऱ्या शब्दांबद्दल त्यात लिहिलेलं होतं. ज्याचा चेहरा नाही, नाव नाही, जो रोज दुपारी घरात शिरतो आणि दार मात्र उघडत नाही, त्याच्याबद्दल मला काही सापडलं नाही. मग मी पुराव्याच्या मागे लागले. शाळेतला टेपरेकॉर्डर मागून आणला, एक दिवसाची रजा काढली आणि बहिणीला शिकवलं : रिसीव्हर कानापासून थोडा लांब धर. तो फोन ठेवेल असं काही बोलू नकोस. रागावू नकोस. त्याला बोलत ठेव.

"मी काय बोलू पण?"

"हो म्हण. विचार काहीतरी. गोड बोल."

फोन आला. मी माईक रिसीव्हरजवळ धरून बसले होते. ती बोलत होती आणि माझ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी वडील, मी आणि ती ठाण्यात गेलो. काकूंचे यजमान वजनदार माणूस, म्हणून वडिलांनी त्यांनाही बरोबर घेतलं होतं. हवालदारांनी टेबलावरच कॅसेट लावली. तोवर मी ती ऐकली नव्हती, ऐकवेना म्हणून. त्याचा आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा नुसता गुणगुणत होता, एक शब्द कळत नव्हता. तिचा आवाज लख्ख होता. "हो... सांगा ना... मग?... उद्या करा हं."

शेजारच्या टेबलावरचे दोघे लिहायचे थांबले. हवालदारांनी बटण दाबून टेप बंद केली.

"भाऊसाहेब, ही तर त्याच्याशी छान बोलतीय की."

"मी सांगितलं होतं तिला तसं बोलायला," मी म्हणाले. मी ते एकदाच म्हणाले, आणि हळू.

"बहीनच हाय तुमी. तुमी असंच सांगनार."

परतताना काकूंचे यजमान आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं होतं. आठवड्याभरात फोन काढला गेला, तिचं कॉलेज थांबलं. बारावीचा फॉर्म भरला होता, हॉलतिकीटही आलं. आईनं ते डब्यात ठेवून दिलं. उन्हाळ्यात तिचं लग्न अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या एका गावात लावून दिलं. तिथून दवाखाना लांब. दुसऱ्या पावसाळ्यात ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. गोळ्यांची नावं वाचणारं तिथं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मोबाईलवर मुलामुलींना छळणाऱ्यांसाठी नवी कलमं हवीत, असं आता वर्तमानपत्रांत वाचते. हवीतच. पण मुलीनं आणलेला पुरावा कोण ऐकेल, कुठल्या खोलीत, आणि कुणासमोर, हेही त्या कलमांत कुणीतरी लिहावं.

कॅसेट हवालदारांनी तेव्हाच परत दिली होती. बहीण गेल्यानंतर महिन्याभरानं, नुसता तिचा आवाज ऐकावा म्हणून मी ती कॅसेट लावली. ठाण्यात टेप जिथं थांबवली होती तिथूनच ती सुरू झाली. रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज आला. मग तितकाच लख्ख, घाबरलेला तिचा आवाज :

"ताई, तू सांगितलंस तसंच बोलले ना मी? पुरेल का गं एवढं?"