घड्याळाला दिसलेली बाबांची झोप

आई गेल्यावर दोन महिन्यांनी पुण्याच्या भावाने बाबांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. पावलं, नाडीचे ठोके, झोप, सगळं त्याच्या मोबाइलवर दिसायचं. मालवण तालुक्यातल्या कट्टा या गावाजवळच्या आमच्या खेड्यात बाबा एकटे राहत, मी मालवणात नोकरी करणारी. रोज सकाळी भावाचा मेसेज यायचा, ‘बाबा साडेसात तास झोपले.’ तो वाचला की मी निश्चिंतपणे डबा भरायला लागे. बाबांना फोन करायचं प्रमाण कधी कमी झालं, ते माझंच मला कळलं नाही.

काजूच्या दिवसांत एका दुपारी शेजारच्या काकीचा फोन आला. बाबांनी चुलीवर पेज ठेवली, तिथेच पाटावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. पेज करपून धूर झाला, तेव्हा काकी धावत गेली.

“भाजला काय नाय गो, पण तू येवन जा,” ती म्हणाली.

मी मिळेल ती एसटी पकडून गेले. बाबा घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया उन्हात पसरत होते. डोळे आत गेलेले, हात सावकाश चाललेले. साडेसात तास झोपणारा माणूस असा दिसत नाही, हे मला पाहताक्षणी कळलं.

“बाबानू, झोप लागता मा तुमका?”

“घड्याळ सांगता मा, लागता म्हणान.”

“घड्याळाचा सोडा. तुमी सांगा.”

ते बिया पसरत राहिले. मग म्हणाले, “जागोच आसतंय गो. पडान रवतंय नुसतो.”

आईची शेवटची तीन वर्षं पाठदुखीत गेली. तिला झोप लागायची ती फार कष्टाने, आणि बाजूला कोणी कूस बदलली तरी मोडायची. म्हणून बाबा न हलता पडून राहायला शिकले होते. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचे नाहीत. हे त्यांनी आम्हा दोघांना कधी सांगितलं नव्हतं; आज पहिल्यांदाच बोलले.

“आता ती नाय, माका ठाऊक आसा,” ते म्हणाले. “पण आंग हालणा नाय.”

मीही बिया पसरू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांना कट्टा गावात डॉक्टरांकडे नेलं. भावाने मेसेजमधून पाठवलेले आकडे मी माझ्या मोबाइलवर दाखवले. डॉक्टर म्हणाले, “घड्याळ हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. स्वस्थ पडलेला माणूस त्याला बरेचदा झोपलेलाच वाटतो. किती वाजता पडले, किती वाजता उठले, एवढं साधारण कळेल. मधलं त्यांनाच विचारा.” मग ते बाबांकडे वळले. झोप आली नाही तर पडून राहू नका, उठून बसा, असं त्यांनी बजावलं. गोळी दिली नाही.

संध्याकाळी भावाला फोनवर सगळं सांगितलं. “मी रोज बघत होतो गं,” एवढंच तो म्हणाला. त्याला दोष कसा देऊ? तो आकडा मलाही सोयीचा होता.

मी आठवडाभर राहिले. बाबांची खाट आतल्या खोलीतून पडवीत आणली. झोप आली नाही की ते उठून बसत, पाणी पीत, पुन्हा आडवे होत. हळूहळू कूस बदलू लागले. तीन-चार आठवड्यांनी काकीने सांगितलं, चेहरो जरा उजळलोसो वाटता.

त्याच सुमारास भाऊ घाबरून म्हणाला, “घड्याळात पाचच तास दाखवतायत! झोप कमी झाली की काय?”

आता जागे असले की बाबा उठून बसतात, हालतात, तेच घड्याळाला दिसत असेल, असं मला वाटलं; तरी मी बाबांनाच फोन लावला.

“तेका सांग, बरो आसंय मी,” ते म्हणाले. “काल सकाळी उठल्यार डोक्या हलका वाटला. आणि तेका म्हण, माकाच फोन कर.”

तो आता रोज सकाळी बाबांनाच फोन करतो. मीही.