वरणातला हिंग

मुलांनो, तुमचे बाबा तीन वर्षांचे असताना कुवेतमध्ये पोटाने फार आजारी पडले. हातपाय काड्यांसारखे झाले होते. डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला. दवाखान्याचा स्वयंपाकी रत्नागिरीकडचा मुसलमान होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं "भाई" म्हणायची. बाबांसाठी तांदळाची भाकरी तो वेगळ्या तव्यावर भाजायचा, आणि त्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा.

घरी आणलं की मात्र दुखणं उलटायचं. तिसऱ्यांदा दाखल केलं तेव्हा भाईने विचारलं, "वहिनी, घरी देता काय?"

"नुसता वरणभात."

"वरणात हिंग?"

"चिमूटभर."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, हिंगात कणीक मळतात! मुंबईला हिंगाच्याच दुकानात होतो मी."

हिंग बंद केला आणि बाबा बाळसं धरू लागले. शेवटच्या तपासणीला गेलो, तेव्हा भाईने वरणात भाकरी कुस्करून आणली.

"मी भरवू? माझी मुलगी एवढीच आहे. मी इकडे आल्यावर झाली, अजून पाहिली नाही."

मी बाजूला सरकले. शेवटचे घास तो अगदी लहान लहान करत होता.