ठकूमावशीची विहीर आणि लाल औषध

आमच्या औषधवाल्या तिघांचे किस्से म्हणजे हौदातलं शेवाळ. कितीही खरवडा, पुन्हा धरतंच!

नाशकात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, त्या उन्हाळ्यातले हे. पुढे सॅनिटरी इन्स्पेक्टर साहेब, मागे बादली घेऊन गफूरभाई, आणि जीभ चालवायला मी. गावभर विहिरींत लाल औषध टाकत हिंडायचं. गोदाकाठच्या मळ्यातली ठकूमावशी मात्र विहिरीला हात लावू देईना. तिची चंद्रा बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. शेजारच्या मळ्यात दोघं पटकीनं आडवे झालेले. चंद्राच्या काळजीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

*

साहेब समजवायला गेले. "बाई, पाण्यात जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. औषधानं मरतात."

"दिसत नाय, तर मेले ते कसं कळनार?"

साहेबांनी हॅट काढली, घाम पुसला, पुन्हा हॅट घातली!

*

मग कासव आडवं आलं. पाणी साफ राहावं म्हणून मावशीनं विहिरीत कासव सोडलेलं.

"माझं कासव मेलं तर?"

मी धोतराचा काचा मारून विहिरीत उतरलो, कासव बादलीत घातलं, गफूरभाईनं वर ओढलं. "लो मावशी, आता टाकू?"

"टाक की. पन मंग हे ऱ्हाईल कुठं?"

कासव पुन्हा विहिरीत!

*

पुढची अडचण मावशीच्या मळ्यातल्या मोगऱ्याची. "लाल पान्यानं मोगरा लाल झाला तर बाजारात कोन घेईल?"

मी म्हटलं, "गुलाब म्हणून विक!"

खुरपं घेऊन बांधापर्यंत मागे लागली. हसत पळालो खरा, पण वळून बघतो तर दारात चंद्रा त्याच विहिरीचं पाणी घटाघटा पितेय. हसू जिरलं.

*

एका सकाळी शेजारच्या मळ्यातून रडणं ऐकू आलं. तिथला एक गेला होता. आम्ही मावशीच्या मळ्याकडे धावलो. ठकूमावशी विहिरीच्या काठावरच उभी.

"टाक रे मेल्या," एवढंच म्हणाली.

गफूरभाईनं औषध टाकलं. तेवढ्यात आत चंद्राजवळ बसलेली सुईण ओरडली, "पानी आना!"

साहेब म्हणाले, "उकळूनच!" आणि हॅट बाजूला ठेवून स्वतः चुलीपुढे बसले, फुंकणी घेऊन. डोळ्यांतून पाणी, तोंडाला काजळी!

पोरगी झाली. रडली. आमचा जीव भांड्यात पडला.

आता चंद्राला तहान लागली. मावशीनं निवलेलं पाणी लोट्यात घेतलं. लालसरच होतं. "साहेब, खरं सांगा. हे देऊ का माझ्या लेकीला?"

साहेब म्हणजे कुणाच्या घरचं पाणी न पिणारा माणूस. त्यांनी लोटा घेतला, वरून घशात अर्धा रिकामा केला, उरलेला परत दिला.

चंद्रा प्यायली.

मग ऊन कलेपर्यंत आम्ही सगळे ओट्यावर, साहेबांना काही होतंय का म्हणून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. आणि साहेब आमच्या!