पोटाची पट्टी

पहिल्या बाळंतपणानंतर सासूबाईंनी माझ्या पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी आवळली, ती काही सुटेचना. आमच्या दिग्गीकडच्या गावात सव्वा महिना पोट बांधायची रीतच होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेक रांगायला लागली तरी मी आपली बांधलेलीच! पट्टी सोडली की कमरेत कळ यायची आणि लेकीला जमिनीवरून उचलायला गेले की मीच मटकन खाली बसायचे. घरधनी लाकडं तोडायला कॅसलरॉककडे. मग तिला उचलायची माझी थोरली जाऊ. न्हाऊमाखू घालायची जाऊ, झोपवायची जाऊ; दूध तेवढं माझं.

सासूबाई मायाळू होत्या, हेच माझं दुखणं. पाण्याला जायचं नाही, लावणीला वाकायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही.

"कंबर गेलीया तुझी. गप बस बघू," म्हणायच्या आणि पट्टी आणखी आवळायच्या.

बसून बसून पोटात बळ कुठून यायचं? बाहेरून आवळून आतली ताकद वाढते होय? मी नुसती धुमसत होते.

सासूबाई उळवीच्या जत्रेला गेल्या आणि मी पट्टी काढून कोपऱ्यात भिरकावली. पाय पसरून जात्यापुढे बसले. खुंटा हातानं फिरतो असं वाटतं, पण ओढ पोटातून यावी लागते. पसाभर नाचणी दळेस्तोवर माझं पोट लटलट कापायला लागलं. संतापानं रडूच आलं. जाऊ समोर येऊन बसली, तिनंही खुंटा धरला.

"रोज थोडं थोडं दळ गे. एकदम न्हाई व्हायचं," ती म्हणाली.

सासूबाईंनी परतल्यावर घर डोक्यावर घेतलं, पण मी जातं सोडलं नाही. हळूहळू पोट घट्ट झालं, कळ थांबली.

एका दुपारी लेक अंगणात धावता धावता पडली. मी वाकले आणि एका दमात तिला कडेवर घेतलं. कुठं दुखलं नाही, खुपलं नाही. हरखून तिच्या तोंडाकडे बघितलं, तर ती दाराकडे हात पसरून "आई, आई" म्हणत टाहो फोडत होती. दारात जाऊ उभी होती.

"मी न्हाई गे बाय. ही बघ तुझी आई," जाऊ म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

माझी कंबर ताठ होती, पोट घट्ट होतं, आणि माझीच लेक माझ्या कडेवरून उतरायला धडपडत होती.