हाय! नक्की या

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चार्जरच्या जुन्या वायरी साठतात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर तिच्याबरोबर चार बाहेर येतात. माझ्या सगळ्या वायरी मुळशीतल्या रिहे गावच्या कुसुमअक्कांपाशी जाऊन गुंतल्या आहेत.

मी मूळची नाशिकची. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. राहते पुण्याजवळ मारुंजीत, भाड्याच्या खोलीत. घरमालकांची थोरली बहीण म्हणजे या अक्का. रिह्यात रस्त्याला लागून त्यांच्या शेताचा एक तुकडा आहे. नवरा गेल्यावर तिथेच पत्र्याची शेड, चार बाकडी आणि चूल मांडून त्यांनी घरगुती जेवण द्यायला सुरुवात केली. पण त्या तुकड्यावर अक्कांबरोबर त्यांच्या दिराचं, नामदेवभाऊजींचंही नाव आहे. भाऊजींना तो प्लॉटिंगवाल्याला द्यायचा होता.

"दसऱ्यापोतर बाकडी भरली तर ऱ्हाऊ द्या," त्यांनी सांगून टाकलं होतं. "न्हाईतर मी त्याला व्हय म्हननार."

अक्का शनिवारी भावाकडे आल्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं. ऐकायला मी होते आणि माझ्या ऑफिसातला रोहित होता. रोहित रत्नागिरीचा. सोशल मीडियाची मिळतील ती टूल्स वापरून बघायची, हा त्याचा आजार. मलाही खूप दिवसांचं कुतूहल होतं की माणसं नेमकी कशाने येतात. त्याच संध्याकाळी आम्ही अक्कांचं पेज उघडलं.

* * *

पहिलं टूल पोस्ट कधी टाकायची ते सांगणारं. त्याने आठवडाभर अभ्यास करून निकाल दिला: पहाटे पाच.

रोहित म्हणाला, "टूल म्हणतंय ना, करून बघू." आम्ही पिठल्याचा फोटो पहाटे पाचला टाकला. सहाच्या आत एकतीसपैकी एकतीस फॉलोअर्सनी लाइक ठोकला. पहिला लाइक 'रानपाखरू' नावाच्या कुणाचा, पाच वाजून एका मिनिटाने. रोहित हर्षवायू झाल्यासारखा अक्कांना फोन करून शंभर टक्के, शंभर टक्के म्हणत राहिला.

अक्कांनी यादी वाचून दाखवायला लावली. मग म्हणाल्या, "आरं, ही समदी माझी भावकी हाय. धारा काढाय उठत्यात. ह्यांच्याकडनं जेवनाचं पैसं घिऊ व्हय?"

'रानपाखरू' कोण, ते मात्र त्यांनाही ओळखता आलं नाही.

* * *

दुसरं टूल फोटो सुंदर करणारं. त्यात अक्कांची भाकरी घातली. बाहेर आली ती कंपासने काढल्यासारखी गोल, गोरीपान, एकही डाग नाही. आम्ही कौतुकाने दाखवली.

अक्कांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "कुनाची हाय ही?"

"तुमचीच, अक्का."

"माझी न्हाई. ही भाजलीच न्हाई. माझ्या नावावर कच्ची भाकर घालू नगा."

फोटो उतरवला. तेव्हापासून डागवाली भाकरीच पेजवर आहे.

* * *

मग व्हिडिओ. बोललेलं ऐकून खाली आपोआप अक्षरं टाकणारं एक टूल रोहितने शोधलं होतं. अक्का चुलीपुढे बसून म्हणाल्या, "हा आमच्या इंद्रायनीचा भात हाय. सकाळधरनं शिजतोय." टूलने लिहिलं: 'हा आमच्या इंद्राणीचा घात आहे. सकाळपासून शिजतोय.'

आमच्या लक्षातच आलं नाही. दोन दिवसांत त्या व्हिडिओला आधीच्या सगळ्या पोस्टना मिळून आली नव्हती एवढी माणसं येऊन गेली. खाली प्रश्न: इंद्राणी कोण? घात कुणी केला? एका बाईंनी तर लिहिलं होतं, 'शिजतोय ते कळलं, पुढचा भाग कधी?'

मी चूक दुरुस्त करायला निघाले, तर रोहितने माझा हात धरला. खरं सांगायचं तर मीही फार ओढून घेतला नाही. अडीचशे फॉलोअर्स वाढले होते. जेवायला मात्र त्यातले दोघेच आले आणि त्यांनी इंद्राणीचीच चौकशी केली.

* * *

रोहित म्हणाला, लोकांना खेळ हवा. म्हणून आम्ही 'दाणे ओळखा' काढलं. अक्कांच्या वाटीभर तांदळाचा फोटो, दाणे किती ते सांगा, सगळ्यात जवळ जाईल त्याला एक थाळी बक्षीस.

खेळ झकास चालला. उत्तरं आली. मग ध्यानात आलं की खरे दाणे कुणाला तरी मोजावे लागतील. शनिवारी दुपारी मी आणि रोहित शेडमध्ये परात घेऊन बसलो. शंभर-शंभरचे ढीग केले. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात अक्कांची कोंबडी दोन ढीग खाऊन गेली. आम्ही मोजणीचं लाइव्ह लावलं होतं. त्यावर लगेच प्रश्न आला, 'कोंबडीचे धरायचे का?'

धरले. जिंकलं कोण, तर 'रानपाखरू'. अवघ्या अकरा दाण्यांनी चुकलं होतं. मी चकित झाले. "ह्यो भाताच्या शेतात वाढल्याला हाय," अक्का एवढंच म्हणाल्या. आम्ही तीनदा निरोप टाकला, थाळी न्यायला या. रानपाखरू आलं नाही.

* * *

आता उत्तर देणारं टूल. लोक पेजवर 'हाय', 'हॅलो' लिहितात आणि अक्का चुलीपाशी असतात. म्हणून रोहितने बसवलं, की 'हाय' किंवा 'हॅलो' दिसलं की आपोआप उत्तर जायचं: 'हाय! नक्की या, वाट बघतोय.' मी तपासून दिलं. 'हाय' लिहिलं, उत्तर आलं. 'हॅलो' लिहिलं, उत्तर आलं. पास.

मी नाशिकची, तो रत्नागिरीचा. आमच्या दोघांच्या डोक्यात 'हाय' म्हणजे नमस्कार. मुळशीत 'हाय' म्हणजे आहे, हे दोघांनीही अक्कांच्या तोंडून रोज ऐकलं होतं. तरी पास!

रविवारी बारा वाजता रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. बाकडी भरली, लोक बांधावर बसले. पहिल्याच माणसाने खेकडे मागितले.

"खेकडं हायेत म्हनून कुनी सांगितलं?" अक्कांनी विचारलं.

"तुमीच की." त्याने फोन पुढे केला. 'खेकडं हायेत का?' खाली उत्तर: 'हाय! नक्की या, वाट बघतोय.' त्याच्याखाली 'पार्किंग हाय का?' हाय! 'पोहायला तळं हाय का?' हाय! 'वहिनी, फुकट हाय का?' हाय!

अक्कांनी त्याचा फोन परत दिला. मग पदर खोचून पिठलं, भाकरी आणि भात वाढायला लागल्या. खेकड्यांसाठी आलेले लोक पिठलं तीनदा घेऊन गेले. शेवटी एकाने विचारलं, "गोड काय हाय?"

"त्या मोबाईललाच इचारा," अक्का म्हणाल्या.

टूल त्याच दिवशी बंद करायला हवं होतं. पण बाकडी भरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. दसरा दोन आठवड्यांवर होता. मी रोहितला म्हटलं, "पुढचा रविवार बघू." हे वाक्य माझं आहे, त्याच्यावर ढकलत नाही.

* * *

पुढच्या शनिवारी प्लॉटिंगवाल्याने पेजवर लिहिलं, 'वहिनी, रस्त्याकडचा तुकडा द्यायचा हाय का?'

उत्तर गेलं.

रविवारी सकाळी तो मोजायची टेप आणि दोन गिऱ्हाइकं घेऊन हजर झाला. मी तिथेच कांदे चिरत होते. त्याने फोन दाखवला. मी धडपडत सांगायला लागले, की ते यंत्राने लिहिलं, अक्कांनी नाही. माझं कुणी ऐकेना. तेवढ्यात नामदेवभाऊजी मोटारसायकलवरून आले. गाडी नीट उभीही केली नाही, तशीच आडवी टाकली.

"वहिनी, मला न इचारता?"

अक्का चुलीपासून उठल्या नाहीत. "तुमीच तर वरीसभर म्हनताय, इकू म्हनून."

"मी म्हनतो. मी म्हननारच. तुमी कशापायी व्हय म्हनलात?"

"मी कुटं काय म्हनले?"

"मी वाचलंय. माझ्या डोळ्यानं वाचलंय सकाळी पाचला."

प्लॉटिंगवाला टेप पसरून हद्दीच्या खुंटीशी वाकला होता. भाऊजींनी जाऊन टेपचं दुसरं टोक उचललं, गुंडाळत गुंडाळत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या हातात दिलं. "जावा आता," म्हणाले.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी रोहितला मेसेज केला, बंद कर. भाऊजी कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले. चुलीवरचा भात शिजून तयार होता.

"जेवान हाय का?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"हाय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ताट वाढून पुढे ठेवलं. भाऊजींनी भात बोटांनी थोडा मोकळा केला, दाणा निरखला आणि जेवून खिशातून पाकीट काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे बघून मला म्हणाले, "माझं लावू नगा बरं का. त्या दान्यांच्या खेळातली माझी एक थाळी ऱ्हायलीया."