रायेतली माट्टी

गोकुळदास बत्तीस वर्षं लाकडं कापत आला होता. डिचोलीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक सॉ मिल आहे, तिथल्या पट्टा करवतीवरचा तो मुख्य मिस्त्री. डोळ्यांवर फडकं बांधा आणि मूठभर भुसा नाकाशी धरा, हा शिवण, हा किंदळ, ही माट्टी असं तो एका श्वासात सांगायचा. मिलमध्ये येणारे सुतार त्याची ही परीक्षा घ्यायचे आणि हरायचे. गोकुळदासला त्याचा अभिमान होता. झाड कुठलं ते त्याला कळायचं. कुठून आलं ते मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्याचं घर पेडणे तालुक्यातल्या आंबेखोल गावात. गावाच्या डोंगरउतारावर सातेरीची देवराई. गावात तिला नुसतं ‘राय’ म्हणतात. तिथली पडलेली काटकीही कुणी चुलीत घालायची नाही, हा जुना दंडक. देवीच्या घुमटीमागे एक प्रचंड माट्टी, म्हणजे ऐनाचं झाड, होती. तिच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी यायची. मादी आत बसून ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते, उडायची पिसं गाळून टाकते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नराच्या भरवशावर राहते. फटीतून नर तिला एकेक फळ भरवतो. गोकुळदासची बायको आनंदी रोज सकाळी घुमटीपाशी झाडायला जायची आणि नर कितीदा आला ते घरी येऊन सांगायची.

यंदा शिगम्याचे तीन दिवस सगळं गाव ढोल-ताशे घेऊन पेडण्याला गेलं होतं. गोकुळदासही रोमटात, शिगम्याच्या मिरवणुकीत, नाचला. चौथ्या दिवशी तो कामावर गेला, तेव्हा मिलच्या आवारात ट्रक रिकामा होत होता. माट्टीचे आठ ओंडके. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, ताजा लालसर रस. एकाही ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का नव्हता. शिक्के नसलेली लाकडं त्याने याआधीही कापली होती. त्याने मशीन सुरू केलं.

चौथा ओंडका करवतीच्या गाड्यावर चढवला, तेव्हा त्याला वाळलेल्या चिखलाचा लांबट पट्टा दिसला. मधे बोटभर फट. ही ढोली त्याच्या ओळखीची होती.

त्याने मशीन बंद केलं. पटाशी घेऊन चिखल फोडला. आत मादी होती. झाड कोसळताना तिची मान मोडली असावी. पंखांना एकही मोठं पीस नव्हतं. तिच्या पोटाखाली एक पिल्लू, कातडीला अजून लव न फुटलेलं, आणि एक चेचलेलं अंडं.

गोकुळदास मालकाच्या खोलीत शिरला. मिलचा मालक रघुनाथ. कामगार त्याला पात्रांव म्हणायचे.

“पात्रांव, ही लाकडां खंयची?”

“लाकडां रानातली. आणि खंयची आसतली?” रघुनाथ मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला.

“ही आमच्या रायेतली माट्टी. माका सांगा, कोणी आणली?”

आता रघुनाथने वर बघितलं. तो चिडला नाही, उलट हसला. “गोकुळदास, बत्तीस वर्सां तू हंय कापतंस. एकदा तरी विचारलंस? दुसऱ्याच्या गावातली कापताना तुझो हात कधी थरथरलो नाय. आतां तुझ्या दारातलां इला म्हणान राग इलो?”

गोकुळदासच्या तोंडात शिवी आली होती, पण ती कुणाला द्यायची तेच कळेना. कारण रघुनाथ खरं बोलत होता. साट्रेकडची, तळकटची, कुठकुठची रानं त्याच्या हाताखालून फळ्या होऊन गेली होती. त्यांच्याही ढोल्यांत काहीतरी असणारच. मोपाच्या विमानतळाच्या पठाराभोवती नवी हॉटेलं उभी राहत होती, त्यांना जुन्या लाकडाचे खांब हवे होते आणि ते खांब त्याने कापून दिले होते. चांगल्या मापात, एक सूतही इकडे तिकडे न होऊ देता.

रघुनाथ फोनवर बोलायला मागे गेला. गोकुळदासने साखळी-करवत उचलली. बुंध्याचा पहिला ओंडका होता, त्याच्या तळाकडून त्याने दोन बोटं जाडीची गोल चकती कापली. ती गोणपाटात घातली, मादी आणि पिल्लू आपल्या टॉवेलात गुंडाळलं. कुणीतरी मागून हाक मारली. तो थांबला नाही. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “किदें रे हें?” गोकुळदासने त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुढे निघून गेला.

रायेत पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. आनंदी घुमटीपाशी उभी होती, हातात झाडू तसाच. माट्टीच्या जागी ताजं कापलेलं खोड उरलं होतं. झाड पडताना मधले धागे उपटून निघतात, त्यांचे दात खोडावर वर आलेले होते. गोकुळदासने चकती त्यावर ठेवून हळूहळू फिरवली. एका जागी ती खटकन बसली. दातात दात, भेगेला भेग.

“तो सकाळपासून येता हा,” आनंदी म्हणाली. “चोचीत फळ घेवन. हंय बसता, थंय बसता, परत जाता.”

पलीकडे करवंदीच्या जाळीत तारेचे फासे लावलेले तिला सापडले होते. एकात साळिंदर मरून पडलं होतं. झाड तोडायला आलेल्यांनी जेवणाचीही सोय करून ठेवली होती.

रविवारी ग्रामसभा होती. गोकुळदास उगाच कधी तोंड उघडणारा माणूस नव्हता. त्या दिवशी तो सरळ पुढे गेला, मेजावर चकती आपटली आणि शेजारी टॉवेल उघडला. तीन दिवसांचा वास खोलीभर पसरला. बायकांनी पदर नाकाला लावले.

“ही आमची माट्टी,” तो म्हणाला. “खोडार बसवन बघा, बसता. रायेची वाट फक्त देवळाच्या आवारातसून. फाटकाची चावी कोणी दिली?”

देवस्थान समितीचा अध्यक्ष विठ्ठल खाकरला. “हेच्यात भांडण्यासारखां काय नाय. झाड जुनां झालां होतां. सभामंडपाचा काम अर्धवट पडलाहा. देवीचां देवीकच गेलां.”

“देवीच्या उशाचां झाड कापून देवीक मंडप?” गोकुळदासचा आवाज फाटला. “शिगम्यात गाव नाय बघून? देवीचां काम तर लपून कित्याक केलास, विठ्ठल?”

“तू सांगतंस माका? तू? गावभरची रानां कापून पोट भरलंस!”

“होय, कापलंय!” गोकुळदासने मेजावर हात मारला. “मी चोरांची लाकडां कापलंय. लिवन घेवा, खालती मी सही करतंय. आतां तुझा नाव तू सांग.”

मग आनंदी उठली आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून आणखी पाच-सहा बायका उठल्या.

तक्रार घेऊन गोकुळदास वनखात्याच्या कचेरीत गेला, तेव्हा पहिल्या टेबलावरच्या साहेबाने त्याला तीनदा उद्या बोलावलं. चौथ्या दिवशी तेजस्विनी नावाची नवी वनाधिकारी दौऱ्यावरून परतली. तिने चकती पाहिली, मादीचं शवविच्छेदन करायला लावलं आणि त्याच दुपारी मिलवर धाड घातली. आठांपैकी पाच ओंडके मिळाले. गोकुळदासचा जबाब लिहून घेताना ती म्हणाली, “काका, यात तुमच्यावरही गुन्हा येऊ शकतो, ठाऊक आहे ना?”

“येऊं दे,” तो म्हणाला. “येवकच व्हयो.”

मिलला टाळं लागलं आणि पाच आठवड्यांनी निघालं. रघुनाथने करवतीवर दुसरा मिस्त्री आणला. विठ्ठलला अटक झाली आणि जामीनही मिळाला. मंडपाचा स्लॅब घालून झाला, मंडपाच्या उद्घाटनाला गोकुळदास गेला नाही. खटला अजून चालू आहे. तारीख पडते, तो जातो, साक्ष न होता परत येतो. बसमध्ये चढताना दर वेळी त्याची मूठ आवळलेली असते. लोक म्हणतात, झालं गेलं, आता सोड. सोडायला हा राग उसना आणलेला नाही, असं तो त्यांना सुनावतो.

ग्रामसभेने मात्र एक केलं. रायेच्या फाटकाची चावी समितीकडून काढून बायकांच्या गटाकडे दिली. गोकुळदास आता रोज सकाळी पक्कड घेऊन रायेत आणि पलीकडच्या रानात फिरतो, तारेचे फासे कापतो. परवा पलीकडच्या उतारावर चेनसॉ घेऊन चौघे आले होते. त्याने दुरूनच आवाज ओळखला आणि आनंदीला फोन केला. वीसेक माणसं रस्त्यावर उभी राहिली, त्यात त्या सभेत गप्प बसलेलेही होते. तेजस्विनीची जीप येईपर्यंत कुणी बाजूला सरलं नाही. झाड अर्धं कापलं गेलं होतं. जगेल की नाही, गोकुळदासला सांगता येत नाही. जखमेला माती लिंपताना तो त्या चौघांना मोठमोठ्याने शिव्या देत होता, आणि त्या शिव्यांत मधेच त्याचं स्वतःचंही नाव येत होतं.